चौकोनी कडी, गोल फुगा

तारेची चौकोनी कडी साबणाच्या पाण्यात बुडवून फुंकर घातली, तर फुगाही चौकोनी निघेल, असे बहुतेक मुले छातीठोकपणे सांगतात. निघतो तो गोलच. कडी त्रिकोणी असो वा बदामी, फुगा आपला गोलाकार सोडत नाही. साबणाचा पडदा शक्य तितका आकसू पाहतो, आणि ठरावीक हवा कोंडण्यास सर्वांत कमी पृष्ठफळ गोलालाच लागते. उच्च गणिताचा हा प्रश्न वाटीभर पाण्यातून पाचवीच्या मुलासमोर उभा राहतो.

याहून नवल पुढेच आहे. खराट्याच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडून घन बांधला व बुडवला, तर पडदे त्याच्या सहा बाजूंवर बसत नाहीत. ते आत ओढले जातात आणि मधोमध एक इवलासा चौकोन धरतात. आतल्या प्रत्येक कडेवर तीनच पडदे भेटतात, तेही १२० अंशांच्या कोनात. बेल्जियमचे जोसेफ प्लाटो यांनी १८७३ साली हे नियम ग्रंथरूपाने मांडले तेव्हा ते कित्येक वर्षे अंध होते. प्रयोग पाहणारे डोळे इतरांचे होते. नियमांची गणिती सिद्धता मात्र १९७६ साली जीन टेलर यांनी दिली.

तेव्हा प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान फळ्यावरच शिकवावे लागते, ही सबब टिकत नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने ती केव्हाच खोटी ठरवली होती. खेड्यातली मुले हाताशी मिळेल त्या साहित्यावर प्रयोग करीत, निष्कर्ष स्वतः काढीत, परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत. पुढे जिल्हाभर पसरलेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला. काड्या आणि नळ्या महाग झाल्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही.

मात्र स्वस्त साधनांचे कौतुक शासनाच्या पथ्यावर पडता कामा नये. श्रीमंतांच्या मुलांना सूक्ष्मदर्शक आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना साबणाचे पाणी, ही वाटणी समतेची नव्हे. कडी दोघांच्याही हाती हवी, सूक्ष्मदर्शकही.

अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी घनानंतर चार त्रिकोणांची चौकट बुडवून पाहावी. बुडवण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा अंदाज वहीत उतरवावा, आणि चुकलेला अंदाज खोडू देऊ नये.