हात कुणाचा?

शाळेचे फॉर्म तपासताना एका विद्यार्थिनीच्या फॉर्मवर थांबले. वडिलांचा व्यवसाय : ‘खासगी नोकरी’. तिचे अब्बा आरीकाम करतात, हे मला ठाऊक होतं. विचारलं तर हळूच म्हणाली, “टीचर, कारागीर लिहिलं तर मुली हसतात.”

तिचे अब्बा सध्या जुन्या डेनिम जॅकेटांवर भरतकाम करतात. माल ठेकेदार आणून देतो. जॅकेटची शिवण उसवायची, पाठीचा भाग लाकडी अड्ड्यावर ताणायचा, खाक्यावरून नक्षी उतरवायची आणि मग आरी चालवायची. वरच्या हातात आकडीची सुई, खालचा हात कापडाखालून धागा पुरवतो. जॉर्जेटमधून सुई सहज जाते. डेनिमची वीण जाड, जोडशिवणीजवळ तर सुई मोडतेच. एका पाठीला तीन दिवस लागतात आणि मजुरी नगावर मिळते. तेच जॅकेट दुकानात लागतं तेव्हा लेबलवर ‘हाताने सजवलेलं’ असं लिहिलेलं असतं आणि खाली डिझायनरचं नाव.

हात कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

जुन्या कपड्याला नवा जन्म देण्याला आता ‘अपसायकलिंग’ म्हणतात. माझा त्याला विरोध नाही, उलट आनंदच आहे. आपल्या दादी-नानींनी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या, उरलेले कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतली. त्याला मात्र आपण गरिबी म्हणालो.

नाव पुसलं जाण्याची ही गोष्ट डेनिमला नवी नाही. जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती जेकब डेव्हिस या अमेरिकेतल्या शिंप्याची. पेटंटसाठी त्याने कापडाचे व्यापारी लीवाय स्ट्रॉस यांना सोबत घेतलं. 20 मे 1873 रोजी ते मंजूर झालं. पँटवर आज व्यापाऱ्याचं नाव आहे. शिंपी किती जणांना आठवतो? जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. वस्तीचं नाव जगभर गेलं, विणकराचं एकही नाही.

कुणी म्हणेल, कल्पना डिझायनरची, भांडवल आणि जोखीमही त्याचीच. मान्य. त्याचं नाव काढा असं मी म्हणतच नाही. लेबलवर आणखी एक ओळ मावते, एवढंच म्हणते. कुणी म्हणेल, कारागीर स्वतः कुठे मागतो? मागणार कुणाकडे? आपलं काम कोणत्या दुकानात जातं, हेच ठेकेदार त्याला सांगत नाही.

पण सगळा दोष दुकानदारावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. प्यारे नबी (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत, पादत्राणं स्वतः दुरुस्त करत, ही हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आपण सीरतच्या जलशांत भक्तिभावाने ऐकतो. घरी येऊन मुलाला मात्र सांगतो, “शिकला नाहीस तर अड्ड्यावर बसावं लागेल.” मीही वर्गात असं बोलले आहे. मुली हसायला कुठून शिकल्या, हे मला शोधावं लागलं नाही.

म्हणून मागणी दोन्हीकडे आहे. विकणाऱ्यांनी कारागिराला विचारून त्याचं नाव लेबलवर छापावं आणि मजुरी ठरवताना त्याला समोर बसवावं. घेणाऱ्यांनी दुकानात एक प्रश्न विचारावा : हे कुणी भरलं? आणि आपण शिक्षकांनी ‘अड्डा’ हा शब्द धमकीसारखा वापरणं बंद करावं.

त्या मुलीचा फॉर्म मी तसाच पुढे पाठवला. ‘कारागीर लिही’ असं तिला सांगायचा अधिकार मला अजून कमवायचा आहे.