दाढ, दर आणि दुसरे मत

कल्याणच्या बाजारपेठेत स्टीलच्या भांड्यांचे दुकान आणि डोंबिवली पूर्वेला राहते घर, असे एक व्यापारी कुटुंब. पर्युषण आटोपल्यानंतर घरातील सहासष्ट वर्षांच्या आईंना मुलाने दंतवैद्याकडे नेले. उपवासांच्या दिवसांतच त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होते आणि पारण्याच्या सकाळी त्यांना साधा खाखराही चावता आला नव्हता. दंतवैद्य परक्यातले नव्हते. एकाच संघातील, पाठशाळेपासूनच्या ओळखीचे. त्यांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, पडद्यावर दाखविला आणि वरच्या जबड्यात उरलेले नऊही दात काढून सहा इम्प्लांटांवर पक्की दंतपंक्ती बसविण्याचा सल्ला दिला.

अंदाजपत्रक छापील होते. वरच्या जबड्याचे ४,२०,००० रुपये, हाडाची भर आणि पडदा यांचे ६०,०००, खालच्या तीन दातांची रूट कॅनाल व कॅप यांचे ५४,०००. एकूण ५,३४,०००. त्याच महिन्यात काम सुरू केल्यास दहा टक्के सवलत. मुलाने तिथल्या तिथे ५१,००० रुपये देऊन वेळ ठरविली. दुकानदाराचा स्वभावच असा की माणूस विश्वासाचा असेल तर शब्द लवकर दिला जातो.

ठाण्याला नौपाड्यात दिलेली धाकटी मुलगी हिशेब तपासनीसाच्या कचेरीत काम करते. रविवारी माहेरी आल्यावर तिने तो कागद वाचला आणि म्हणाली, "दादा, अजून एका डॉक्टरांना दाखवून घेऊ." दादाला ते रुचले नाही. "डॉक्टरसाहेब रोज देरासरात भेटतात. त्यांना काय सांगू? तुमच्यावर भरवसा नाही म्हणून? आणि पैसे दिलेत." आई दोघांच्या मधे बसून ऐकत होत्या. त्यांना कोणीच काही विचारले नव्हते.

पुष्कळ घरांत ही चर्चा इथेच संपते. पैसे परवडत नाहीत म्हणून नव्हे, तर संकोच आड येतो म्हणून. वास्तविक दुसरे मत घेणे हा अविश्वासाचा ठराव नव्हे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा आणि आपल्या तपासण्यांची कागदपत्रे मिळण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदविलेला आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की, उपचाराचे स्वरूप, त्याचे पर्याय, त्यातील धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पुरेसे समजावून दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी संमती ठरत नाही. या कुटुंबाच्या अंदाजपत्रकात पर्यायांचा रकाना नव्हता.

तथापि दुसरे मत म्हणजे दुसरा दर, असा जो समज व्यापारी घरांत आढळतो, तो अधिक घातक आहे. चार ठिकाणी भाव काढावा आणि स्वस्तात सौदा पटवावा ही सवय मालाच्या खरेदीत योग्य. दातांच्या बाबतीत पहिला प्रश्न कितीला पडेल हा नसून, हे करायला हवे काय हा आहे. जो दात काढायलाच नको होता, तो पन्नास टक्के सवलतीत काढून घेतला तरी तो तोट्याचाच व्यवहार. शिवाय दर विचारत फिरणाऱ्याला दुसरा दंतवैद्यही गिऱ्हाईक म्हणूनच पाहतो. एका सराफाकडचा दागिना दुसऱ्याकडे नेला, तर कसोटीवर घासण्याआधीच तो घट सांगतो, हा अनुभव कोणाला नाही?

डॉक्टरांची मते भिन्न असतात, यात नवल काही नाही. अमेरिकेतील 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाच्या एका लेखकाने १९९७ मध्ये अठ्ठावीस राज्यांतील पन्नास दंतवैद्यांना आपले तेच तोंड दाखविले. सांगितलेला खर्च पाचशे डॉलरच्या आतपासून सुमारे तीस हजार डॉलरपर्यंत होता. त्यातील सगळी तफावत लबाडीची नसणार. दंतवैद्यकात पुष्कळ काही अंदाजावर चालते. हलणारा दात आणखी किती वर्षे टिकेल, हे कोणीही शपथेवर सांगू शकत नाही. एखादा डॉक्टर दात वाचविण्याकडे झुकतो, एखादा पुढची कटकट नको म्हणून काढण्याकडे. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

मग दुसरे मत कधी घ्यावे? गालावर सूज चढत आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, अशा वेळी मते गोळा करीत बसू नये, मिळेल त्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. मार लागून आख्खा दात निखळला असेल तर तो दुधात ठेवून तासाभरात दवाखाना गाठावा. एखादा दात भरून घेण्यासाठीही दोन डॉक्टर नकोत. परंतु जे काम उलटे फिरविता येत नाही, म्हणजे अनेक दात एकदम काढणे, पूल बसविण्यासाठी शेजारचे निरोगी दात घासणे, न दुखणाऱ्या तीन-चार दातांची एकत्र रूट कॅनाल, आणि ज्यात आठ-पंधरा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही, तिथे न थांबणे हाच उतावळेपणा होय.

आई-मुलीने मध्य रेल्वेची जलद लोकल धरली. ही लोकल मुंबईला जिथे संपते, तिथून चालण्याच्या अंतरावर, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, तेही १९३३ पासूनचे. अशा ठिकाणी केसपेपरसाठी रांग असते, बाकांवर गर्दी असते आणि एका कामासाठी चार खेपा पडतात. मात्र हिरड्यांचा विभाग वेगळा, कृत्रिम दातांचा वेगळा, शस्त्रक्रियेचा वेगळा असतो. पदव्युत्तर विद्यार्थी तपासतो आणि त्याच्यावर शिक्षकाची नजर असते. महत्त्वाचे म्हणजे, आपण काम तिथे केले नाही तरी कोणाचे काही बुडत नाही. खासगी तज्ज्ञाकडे जायचे असेल तर ज्या प्रकारचे काम सुचविले आहे त्या शाखेचा एमडीएस पाहावा आणि प्रथमच सांगावे की केवळ मत हवे आहे, त्याची फी देऊ, काम इथे करणार नाही. ही मोकळीक दोन्ही पक्षांना बरी पडते.

मुलीने आणखी एक शहाणपण केले. एक्स-रेची मूळ फाइल पहिल्या दवाखान्यातून मागून घेतली, मोबाइलवर काढलेला फोटो नेला नाही. आणि ५,३४,००० चा कागद पर्समध्येच ठेवला. आकडा आधी ऐकला की मत त्याच्याभोवती फिरू लागते.

तपासणाऱ्या तरुण डॉक्टरणीने एक बोथट, खुणा केलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडी किती मिलिमीटर सुटली आहे हे मोजून सहकाऱ्याला लिहायला सांगितले. तीनपर्यंतचा आकडा निरोगी मानतात. कुठे चार, कुठे पाच, दोन दाढांपाशी नऊ. या मोजणीला पाऊण तास लागला. पहिल्या दवाखान्यात निर्णय केवळ एक्स-रेवर झाला होता. पूर्ण जबड्याचा एक्स-रे हाडाची सर्वसाधारण कल्पना देतो, पण हिरडीची खोली सळईनेच कळते. वजन न करता माल न उचलणाऱ्या घराने आईचे नऊ दात न मोजता सोडून दिले होते, असे म्हणणे कठोर असले तरी खोटे नाही.

त्यानंतर विचारले गेले ते मधुमेहाबद्दल. आईंना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर त्या वेळी ८.९ होती. साखर चढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांत सतत दाह असेल तर साखर आटोक्यात येणे कठीण जाते. अशा अवस्थेत इम्प्लांट हाडात नीट न धरण्याचा धोकाही वाढतो. शिक्षकांनी तक्ता पाहून मत दिले ते असे: वरच्या नवांपैकी तीन दात काढावेच लागतील, चार हिरड्यांच्या खोल सफाईने राहू शकतील, दोन संशयित आहेत आणि त्यांचा निर्णय तीन महिन्यांनी घ्यावा. खालच्या तिघांपैकी एकालाच रूट कॅनाल हवे, एक नुसता भरून चालेल, तिसऱ्याचे रूट कॅनाल पूर्वीच झालेले असून फक्त कॅप हवी.

निघताना मुलीने अंदाजपत्रक बाहेर काढले आणि हाडाची भर म्हणजे काय, असे विचारले. छापलेले नाव वाचून डॉक्टरीण सहज म्हणाली, "हे बोवाइन आहे, म्हणजे गाईबैलांच्या हाडापासून केलेले." आई प्रथमच बोलल्या. "आणि पडदा?" तो कोलॅजेनचा होता, डुकराच्या ऊतींपासून केलेला.

चौविहार पाळणाऱ्या, औषधाच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे का हे विचारून घेणाऱ्या बाईच्या जबड्यात ते कायमचे बसणार होते. पहिल्या डॉक्टरांनी हे लपविले होते असे नाही. त्यांच्या डोक्यातच ते आले नव्हते, ते स्वतः त्याच संघातले असूनही. ही सामग्री जगभर वापरली जाते आणि वैद्यकीयदृष्ट्या चांगली मानली जाते. पण हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट अशी प्रयोगशाळेत बनविलेली भरही मिळते, रुग्णाचे स्वतःचे हाड वापरता येते, पडद्यालाही प्राणिज नसलेले पर्याय आहेत. कोणता कुठे चालेल हे डॉक्टरांनी ठरवायचे. विचारणे मात्र रुग्णाकडून व्हावे लागते, आणि इम्प्लांट सुचविलेल्या प्रत्येक जैन घराने ते काम सुरू होण्यापूर्वीच विचारावे.

दुसरे मत स्वस्तच पडते, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या एका कापड व्यापाऱ्यांनी एका दाढेसाठी अकरा महिन्यांत पाच डॉक्टर केले. पहिल्याने रूट कॅनाल व कॅप सांगितली, खर्च १४,०००. प्रत्येक पुढच्या डॉक्टरकडून त्यांना आपल्याला हवे ते, म्हणजे "थांबून पाहू", ऐकायचे होते. चौथ्याने ते म्हटले. शेवटी दाढ मुळापासून चिरली, काढावी लागली, आणि इम्प्लांटला ४५,००० लागले. दोन मते जुळत नसतील तर तिसऱ्याकडे धावण्यापूर्वी दोघांनाही त्याच एक्स-रेवर बोट ठेवून कारण विचारावे. ज्याला कारण साध्या शब्दांत सांगता येते, त्याचे ऐकावे.

पैशाच्या बाजूच्याही दोन गोष्टी आहेत. दातांचा दवाखान्यातला खर्च सर्वसाधारण आरोग्य विम्यात सहसा बसत नाही, त्यामुळे हल्ली 'विनाव्याज हप्ते' पुढे केले जातात. ते रुग्णाच्या नावावरचे कर्ज असते. रक्कम वित्तसंस्थेकडून थेट दवाखान्याला जाते आणि काम अर्ध्यावर थांबले तरी हप्ता थांबत नाही. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी प्रक्रिया शुल्कात किंवा वाढीव दरात दडलेले असते. दुसरी गोष्ट बिलाची. रोख देऊन, बिल न घेता हजार-दोन हजार वाचविण्याचा मोह व्यापाऱ्याला होतोच. परंतु प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती बिलासोबत जपून ठेवावी लागते. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला तर कोणत्या कंपनीचा सुटा भाग बसेल, हे त्या चिटोऱ्यावरूनच कळते.

दादा अखेर डॉक्टरसाहेबांकडे गेले. बहीण सोबत होती, हातात मोजणीचा तक्ता होता. दादांनी मान खाली घालून सुरुवात केली. डॉक्टरांनी तक्ता दोनदा वाचला, थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले की पक्की दंतपंक्ती एकदा बसविली की वारंवार दवाखाना करावा लागत नाही, म्हणून त्यांनी ती सुचविली होती. साखरेचा अहवाल मागायला हवा होता, हेही त्यांनी कबूल केले. ५१,००० परत देण्याची तयारी दाखविली. दादांनी ते पुढील कामात वळते करायला सांगितले.

हिरड्यांची सफाई चार बैठकांत झाली. जेवणाच्या वेळा, फिरणे आणि औषधे सांभाळून आईंची साखर तीन महिन्यांत ७.२ वर आली. संशयित दोघांपैकी एक दात गेला, एक राहिला. म्हणजे नवांपैकी चार गेले, पाच शिल्लक. इम्प्लांट की काढघाल करता येणारी अर्धी कवळी, हे या वेळी आईंना विचारण्यात आले. त्यांनी कवळी निवडली. सगळा खर्च ७४,००० रुपयांच्या घरात गेला.

दादांचे समाधान झालेले नाही. रात्री कवळी काढून वाटीत ठेवणारी आई त्यांना बघवत नाही, आणि पैसे असताना पक्के काम का करून घेतले नाही, असे ते अजूनही बहिणीला ऐकवतात. उरलेल्या पाचांपैकी एखादा दोन वर्षांत गेला तर ते म्हणणे खरेही ठरेल. आईंची पुढची तपासणी महावीर जयंतीनंतरच्या आठवड्यात ठरली आहे.