गावोगावचा फॉरवर्ड

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्यापैकी कितीजणांनी आतापर्यंत शाळा बदलली आहे? हात वर करा पाहू!

ज्यांचे आई-बाबा बँकेत, रेल्वेत, पोलिसात किंवा लष्करात आहेत, त्यांचे हात आधी वर गेले असणार. बदलीची ऑर्डर येते, घरातलं सामान खोक्यांत भरलं जातं आणि जूनमध्ये आपण एका अनोळखी वर्गाच्या दारात उभे! सगळ्यांचे बाक ठरलेले, मित्र ठरलेले. मधल्या सुट्टीत मैदानावर फुटबॉल रंगलेला असतो आणि आपण कडेला उभं राहून बघत असतो. "ए, तू खेळतोस का?" असं कुणीतरी विचारेपर्यंत पोटात कसा गोळा आलेला असतो, नाही का?

आता कल्पना करा, एखाद्या माणसाने असं जवळजवळ वीस वर्षं केलं तर? दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवे सोबती, नवा प्रशिक्षक. आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवसापासून सगळ्यांची एकच अपेक्षा: गोल कर!

असा एक माणूस आपल्या पुण्यात येऊन गेला आहे. बालेवाडीच्या मैदानावर, एफसी पुणे सिटीच्या जर्सीत. त्याचं नाव इयान ह्यूम.

"मेस्सी, रोनाल्डो माहीत आहेत, हा ह्यूम कोण?" असं म्हणालात ना? बरोबर आहे तुमचं. वर्तमानपत्रात मोठे फोटो छापून येतात ते थोड्याच खेळाडूंचे. पण फुटबॉलचं जग चालतं ते ह्यूमसारख्यांवर. म्हणूनच आज त्याची गोष्ट.

ह्यूमचा जन्म ३० ऑक्टोबर १९८३ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. पण तो लहानाचा मोठा झाला कॅनडातल्या ब्रॅम्प्टन गावात. व्यावसायिक फुटबॉल खेळायचं म्हणून तो पोरवयातच इंग्लंडला गेला. इंग्लंडमध्ये मर्सी नावाची नदी आहे. तिच्या एका काठावर लिव्हरपूल शहर. तिथले लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे क्लब तुम्हाला माहीतच आहेत. समोरच्या काठावर बर्कनहेड नावाचं गाव आहे, तिथला क्लब ट्रॅनमेअर रोव्हर्स. पलीकडच्या काठावरच्या बड्या मंडळींपुढे हा क्लब म्हणजे अगदी धाकटं भावंड. ह्यूम तिथे गेला आणि २००० साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, मोठ्यांच्या संघातून मैदानात उतरला. म्हणजे आपल्याकडे दहावी-अकरावीत असतात त्या वयात!

इथे जरा थांबू आणि इंग्लंडच्या फुटबॉलची रचना समजून घेऊ. ती एखाद्या चार मजली इमारतीसारखी आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर प्रीमियर लीगचे २० संघ, आणि खालच्या तीन मजल्यांवर प्रत्येकी २४. एकूण ९२ क्लब. त्याखालीही मजले आहेत, पण ते आज राहू देत. दरवर्षी चांगले खेळणारे काही संघ एक मजला वर चढतात आणि तळाचे काही खाली उतरतात. वरच्या मजल्यावरचे सामने जगभर टीव्हीवर दिसतात. खालच्या मजल्यांवर पाऊस, चिखल, बोचरी थंडी आणि गावातले निष्ठावंत प्रेक्षक. ह्यूमचं इंग्लंडमधलं सारं आयुष्य या खालच्या तीन मजल्यांवर गेलं.

ट्रॅनमेअरकडून खेळताना त्याने नाव मिळवलं. कॅनडाच्या युवा संघातही तो होता. २००३ च्या जागतिक युवा स्पर्धेत हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. मग २००५ मध्ये लेस्टर सिटीने ट्रॅनमेअरला ५ लाख पौंड मोजून ह्यूमला घेतलं. हे पैसे खेळाडूला मिळत नाहीत बरं का! एक क्लब दुसऱ्या क्लबाला ते देतो. खेळाडूला मिळतो तो करार आणि पगार. करार संपला, नवा मिळाला नाही, की बूट पिशवीत टाकून दुसरं दार ठोठवायचं.

लेस्टरमध्ये ह्यूम तीन मोसम खेळला. २००८ मध्ये लेस्टरचा संघ एक मजला खाली घसरला आणि त्याच उन्हाळ्यात बार्न्सली क्लबने १२ लाख पौंड देऊन ह्यूमला नेलं. वय चोविशीचं, खेळ बहरात. सगळं कसं छान चाललं होतं!

आणि मग आला ८ नोव्हेंबर २००८ चा दिवस.

बार्न्सलीच्या मैदानावर शेफील्ड युनायटेडशी सामना सुरू होता. चेंडूसाठी झटताना प्रतिस्पर्ध्याचं कोपर ह्यूमच्या डोक्याच्या बाजूला जोरात बसलं. पंचांनी फक्त पिवळं कार्ड दाखवलं. ह्यूमला मात्र मैदान सोडावं लागलं. कवटीला तडा गेला होता आणि आत मेंदूत रक्तस्राव होत होता! डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया केली. पुन्हा फुटबॉल खेळणं दूरच, जीव वाचला हेच मोठं. त्याच्या डोक्यावर टाक्यांचा लांबलचक वण कायमचा राहिला. पुढे भारतात आलेल्या ह्यूमचे फोटो कधी पाहिलेत, तर केस बारीक कापलेल्या त्या डोक्यावर तो स्पष्ट दिसेल.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? "बास झाला फुटबॉल," असं आईने म्हटलं असतं आणि आपणही मान डोलावली असती. त्यात काही चूकही नव्हतं. डोक्याची दुखापत ही कधीच अंगावर काढायची गोष्ट नाही. ह्यूमनेही ती काढली नाही. उरलेला मोसम तो खेळलाच नाही. बरा झाला, आणि २००९-१० च्या मोसमात पुन्हा मैदानात उतरला. फॉरवर्डला हवेत उडी मारून डोक्याने चेंडू मारावा लागतो, आजूबाजूला बचावपटूंची कोपरं असतातच. पहिल्यांदा उंच आलेल्या चेंडूसाठी उडी मारताना त्याला काय वाटलं असेल, विचार करा!

पण परतलेल्या खेळाडूला आपली जागा तशीच राखून ठेवलेली मिळत नाही. २०१० मध्ये बार्न्सलीने त्याला प्रेस्टन नॉर्थ एंडकडे उसनं दिलं. हो, उसनं! शेजारून वाटीभर साखर आणावी तसे क्लब एकमेकांचे खेळाडू काही महिन्यांसाठी घेतात. फरक इतकाच, की साखरेला नव्या घरी रुळावं लागत नाही. प्रेस्टनला ह्यूम आवडला आणि त्यांनी त्याला कायम ठेवून घेतलं. मग २०१२-१३ मध्ये प्रेस्टनकडून डॉन्कास्टरला उसना, आणि २०१३-१४ मध्ये चौथ्या मजल्यावरच्या फ्लीटवूडकडे. वय तिशीला टेकलं. या वयात बऱ्याच फॉरवर्ड खेळाडूंचे बूट खुंटीवर चढतात.

ह्यूमने मात्र विमान पकडलं. कुठलं? भारताचं!

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. सचिन तेंडुलकर ज्याच्या मालकांपैकी एक होता, त्या केरळ ब्लास्टर्स संघाने ह्यूमला घेतलं. त्या वर्षी भारतात मोठमोठी नावं आली होती. आपल्या पुणे सिटीकडेच डेव्हिड ट्रेझेगे होता. २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सुवर्ण गोल मारून फ्रान्सला विजेता करणारा! पुणे हा त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा क्लब ठरला. अशा ताऱ्यांच्या गर्दीत खालच्या मजल्यांवरून आलेल्या ह्यूमकडे कोण बघणार? पण मोसम संपला तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून नाव पुकारलं गेलं ते इयान ह्यूमचं! केरळची मुलं त्याला 'ह्यूमेट्टन' म्हणू लागली. मल्याळममध्ये 'चेट्टन' म्हणजे मोठा भाऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर 'ह्यूमदादा'!

अंतिम सामना मात्र केरळने गमावला. २० डिसेंबर २०१४, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. अगदी अखेरच्या क्षणी गोल खाऊन केरळ कोलकात्याकडून हरला. आणि पुढच्या वर्षी ह्यूम कुठे गेला म्हणता? थेट त्याच कोलकात्याच्या संघात! व्यावसायिक खेळाडूचं असंच असतं. काल ज्यांना हरवायला धडपडलो, आज त्यांच्यासाठी घाम गाळायचा. २०१५ मध्ये कोलकात्याकडून त्याने आपल्या पुणे सिटीविरुद्धच हॅट्‌ट्रिक ठोकली. तेव्हा पुणेकर प्रेक्षक त्याच्यावर चांगलेच चिडले असतील!

२०१६ चा अंतिम सामना तर सिनेमात शोभेल असा. १८ डिसेंबर, कोची, समोर केरळ ब्लास्टर्स. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्यांनी दादा म्हणून डोक्यावर घेतलं, तेच हजारो प्रेक्षक आता विरुद्ध बाजूला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर आला. कोलकात्याची पहिली पेनल्टी मारायला पुढे आला ह्यूम. त्याने चेंडू मारला, आणि गोलरक्षकाने तो अडवला! सगळ्या संघासमोर, सगळ्या देशासमोर. पण बाकीच्यांनी बाजू सावरली आणि कोलकाता ४-३ ने विजयी झाला. ज्याची पेनल्टी हुकली, तोही विजेता ठरला. पुढच्या मोसमात तो पुन्हा केरळकडे परतला. १० जानेवारी २०१८ ला दिल्लीविरुद्ध त्याच्या डोक्याला खोक पडली. पट्टी बांधून तो खेळत राहिला आणि त्याने हॅट्‌ट्रिक केली. जिथे एकदा एवढं मोठं आक्रीत झालं होतं, त्याच डोक्यावर पट्टी! पुढच्याच महिन्यात मात्र गुडघा दुखावला आणि मोसम संपला.

आणि मग पुणे! २०१८-१९ च्या मोसमासाठी एफसी पुणे सिटीने त्याला करारबद्ध केलं. वय पस्तिशीकडे झुकलेलं, गुडघा नुकता बरा होत असलेला. मोसमाच्या मध्यावर पुण्याला फिल ब्राउन हे इंग्लिश प्रशिक्षक लाभले. गंमत म्हणजे २०११ मध्ये प्रेस्टनला ह्यूम याच ब्राउन सरांच्या हाताखाली खेळला होता. बघा, बदलीच्या नोकरीत जुने सर असे परत भेटतात! पुणे त्या वर्षी सातव्या क्रमांकावर राहिलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात रोज सराव आणि सामने चालत. पण २०१९ मध्ये आर्थिक अडचणींत सापडलेला क्लबच बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. खेळाडूंची बदली होते हे आपण पाहिलं. इथे तर पुण्यातलं घरच उठलं!

तरी या गोष्टीला एक मराठी शेपूट आहे. २०२२ मध्ये याच हैदराबादने लीग जिंकली आणि त्या मोसमात त्यांच्या संघात होता आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव. तोही फॉरवर्ड. पेठापेठांच्या तालीम संघांनी शाहू स्टेडियम दणाणून सोडणाऱ्या गावचा पोरगा. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. नंतर इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये काही काळ सराव करून आला, मग जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा... तीच गावोगावची वाट!

ह्यूम कॅनडाकडून चाळीसहून जास्त सामने खेळला, पण विश्वचषकात खेळणं त्याच्या नशिबी नव्हतं. प्रीमियर लीगही नाही. मग त्याला अयशस्वी म्हणायचं का? तुम्हीच ठरवा. मला तरी वाटतं, सोळाव्या वर्षी घातलेले बूट ज्याने पस्तिशीपर्यंत उतरवले नाहीत आणि दर नव्या गावात पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, त्याला 'चांगला कामगार' म्हणावं. ही पदवी छोटी नाही.

आता पालकांसाठी दोन ओळी. मुलगा किंवा मुलगी "फुटबॉलपटू व्हायचंय" म्हणाली, तर मेस्सीबरोबर ह्यूमचीही गोष्ट सांगा. करार छोटे असतात, दुखापत सांगून येत नाही, क्लब बंद पडू शकतो. म्हणून अभ्यासाची पिशवीही सोबत असू द्या. आणि डोक्याला मार लागला तर "काही होत नाही, खेळ" असं कधीही म्हणू नका. आधी मैदानाबाहेर, मग डॉक्टरांकडे.

आणि दोस्तांनो, उद्या तुमच्या मैदानाच्या कडेला एखादं नवीन पोर उभं दिसलं, तर ते कोणत्या गावाहून आलंय ते नंतर विचारा. आधी हाक मारा, "ए, खेळतोस का?"

जाता जाता एक कोडं. नकाशा काढा आणि ही गावं शोधा: लेस्टर, बार्न्सली, प्रेस्टन, डॉन्कास्टर, फ्लीटवूड. यातलं एक गाव आयरिश समुद्राच्या काठावर आहे. कोणतं? उत्तर पुढच्या अंकात!