चेंडू चालतो, मग हात कां चालत नाहीं?

ज्याच्या हातचें धान्य चालतें, ज्याच्या हातचा जोडा पायांत चालतो, ज्यानें घडविलेला विळा कापणीला चालतो, त्याच्या हातचें पाणी मात्र चालत नाहीं, हा न्याय आमच्या देशानें पिढ्यान्‌पिढ्या चालविला. क्रिकेटच्या मैदानावर तर या न्यायाची पुरी शोभा झाली. ज्या चेंडूकरितां सगळे धांवतात तो चेंडू चामड्याचा. तो अंगावर घासतात, झेल मिळाला कीं छातीशीं धरतात. त्यावर कोणी गोमूत्र शिंपडीत नाहीं. परंतु तोच चेंडू टाकणारा हात चर्मकाराचा निघाला कीं त्याचा चहा मंडपाबाहेर! ही कोणी रचलेली कथा नव्हे. बाळू पालवणकर यांच्या आयुष्यांत हें घडलें आहे.

सोयाबीन निघून रानें मोकळीं झालीं आणि थंडी पडली कीं आमच्या नरखेड तालुक्यांत गांवोगांव या खेळाचे सामने सुरू होतात. मुलांच्या तोंडीं आजच्या खेळाडूंचीं नांवें असतात. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ज्यानें विलायतेंत जाऊन गोऱ्यांचे गडी एकामागून एक बाद केले, त्याचें नांव आमच्या कष्टकरी घरांतच ठाऊक नसावें, ही गोष्ट आम्हांस बोचते. म्हणून आजचा हा लेख.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा. वडील लष्कराच्या चाकरींत. घरीं भावंडें बरीच, आणि मिळकत तुटपुंजी. पोरवयांतच ते पुण्यास क्रिकेटच्या मैदानावर कामाला लागले. मैदान झाडणें, रूळ फिरविणें, जाळीं बांधणें हें काम. गोऱ्या साहेबांच्या क्लबांत त्यांस महिन्याला चार रुपये मिळत. साहेबांना सरावासाठीं कोणी तरी चेंडू टाकणारा हवा असे. तें काम या पोराकडे आलें. तासन्‌तास चेंडू टाकून डावरा हात असा तयार झाला, कीं संथ चेंडू कोठें पडेल आणि पडल्यावर कोणीकडे वळेल याचा अंदाज भल्याभल्यांस येईना. मात्र इतक्या वर्षांत साहेबांनीं त्यांच्या हातीं फळी दिली नाहीं, असें सांगतात. फलंदाजी धन्याची, घाम चाकराचा. शेतकरी वाचकांस हें अधिक समजावून सांगावयास नको.

पुढें पुण्याच्या हिंदु क्लबास गोऱ्यांना हरवावयाचें होतें, तेव्हां बाळूंची आठवण झाली. मैदानावर त्यांस सोबत घेतलें. पण चहाची वेळ झाली कीं बाकीचे आंत बसून चिनी पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यांत. जेवणाचें पानही वेगळें. खेळतांना एका चेंडूला सर्वांचे हात लागत त्यांत विटाळ नव्हता. विटाळ होता तो फक्त सावलींत बसण्यांत. काम घ्यावयाचें, मान द्यावयाचा नाहीं, ही रीत जुनीच. येथें ती दिवसाढवळ्या मैदानावर दिसली इतकेंच.

पुण्यांत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली तेव्हां बाळू मुंबईस गेले. तेथें रेल्वेंत नोकरी मिळाली आणि हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. १९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. त्या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. १९११ सालीं हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज. दरबारी समारंभांत त्यांचा वेळ अधिक गेला. संघ चौदापैकीं दहा मोठे सामने हरला आणि दोनच जिंकला. अशा हरणाऱ्या संघांत पस्तीस वर्षांच्या बाळूंनीं त्या मोठ्या सामन्यांत ७५ गडी बाद केले, आणि सगळे सामने धरतां शंभराहून अधिक. केंब्रिज विद्यापीठाचे तर एका डावांत आठ गडी त्यांनीं एकट्यानें घेतले. धाकटे बंधु शिवराम हेही त्या संघांत होते. राजाच्या पदरीं कप्तानी होती, पण मैदान राखलें तें रूळ फिरविणाऱ्याच्या पोरानें नव्हे, खुद्द रूळ फिरविणाऱ्यानें!

आयुष्यांतल्या ३३ मोठ्या सामन्यांत त्यांनीं १७९ गडी बाद केले, दर गड्यामागें सरासरी पंधरा धावा देऊन. असा मनुष्य दुसऱ्या जातींत जन्मता तर हिंदूंच्या संघाचा कप्तान कधींच झाला असता. तें पद त्यांस मिळालें नाहीं. १९२० सालीं हा अन्याय असह्य होऊन विठ्ठल आणि शिवराम या भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें. समेट झाला तो बाळूंस उपकप्तान केल्यावर. आणि १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल पालवणकर हिंदूंच्या संघाचे कप्तान झाले. त्याच वर्षीं त्यांच्या संघानें युरोपियनांस हरवून स्पर्धा जिंकली. हक्क कोणी आणून हातावर ठेवला नाहीं. आधीं कसब सिद्ध केलें, मग अंग काढून घेण्याची तयारी दाखविली, तेव्हां दार उघडलें.

एक गोष्ट लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस तरुणपणीं बाळूंचा मोठा अभिमान होता. पण पुढें दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणें करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसच्या वतीनें बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारें दोन हजार मतांनीं पडले. त्या वादांत बाबासाहेबांची बाजू खरी होती, असें आमचें मत आहे. परंतु मत जुळलें नाहीं म्हणून माणसाची कर्तबगारी पुसून टाकावी, हा धडा आम्हांस नको. आमच्या माणसांचीं नांवें पुसणारे बाहेर पुष्कळ होते; आपणच आपला हात त्यांस कशाला लावावा? बाळू १९५५ सालीं मुंबईंत वारले.

आपल्या जिल्ह्यापुरतें पाहूं. हिंदुस्थाननें १९३२ सालीं लॉर्ड्‌सवर पहिला कसोटी सामना खेळला. त्या संघाचे कप्तान कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा. १९११ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०११ सालीं, खापरखेड्याकडील वलनीच्या कोळसाखाण कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला. म्हणजे दार आतां पूर्वीइतकें घट्ट नाहीं. पण उघडें दार आपोआप गांवापर्यंत येत नाहीं. गांवच्या मैदानावर काय चालतें तें ज्याचें त्यानें पाहावें. दगड वेंचावयास, पाणी आणावयास आणि झुडपांतून चेंडू शोधावयास कोण धांवतो, आणि नाणेफेकीला कोण जातो? दोन्हीं उत्तरें नेहमीं ठराविक घरांचीं असतील, तर बाळूंचें मातीचें भांडें आमच्या गांवांत अजून फुटलें नाहीं असें समजावें.

आमचें मागणें थोडें आहे. कप्तान निवडतांना धावा आणि गडी मोजावे, आडनांव मोजूं नये. जो मुलगा मैदान झाडतो त्याच्या हातीं त्याच दिवशीं फळी द्यावी. मुलींनाही संध्याकाळचा तास मैदानावर मोकळा असावा. शाळेच्या मैदानावर कोणाचें अतिक्रमण येत असेल, तर ग्रामसभेंत उभें राहून बोलावें. आणि पालकांनीं खेळाच्या नादानें शाळा सोडूं देऊं नये, तशीच शाळेच्या नांवानें खेळावर काठीही उगारूं नये. सर्वच मुलें बाळू होणार नाहींत. तें आवश्यकही नाहीं. पण ज्या मुलाला मैदानावर आपला डाव मागण्याची संवय लागली, तो उद्यां सोसायटीच्या सभेंतही खुर्ची मागेल, आणि संत्र्याच्या सौद्यांत दुसऱ्यानें बोललेला भाव खाली मान घालून ऐकणार नाहीं. बाळूंच्या हातीं फळी दिली नाहीं. तुमच्या मुलाच्या हातीं ती द्यावयाची कीं नाहीं, हें आतां साहेबाच्या मर्जीवर नाहीं, तुमच्यावर आहे.