माळ्यावरचा कॅमेरा

पंढरपूरहून एका वाचक मैत्रिणीचे पत्र आले आहे. त्यांच्या चुलतसासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद होऊन बरीच वर्षे झाली. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर चामड्याच्या पेटीत त्यांचा कॅमेरा सापडला. वर ‘मामिया सी 330’ असे लिहिलेले, सोबत दोन जादा लेन्स. घरातली मंडळी म्हणतात भंगारात द्या, नाहीतर शोकेसमध्ये ठेवा. “मला तो वापरायचा आहे. हा वेडेपणा आहे का?” असे त्या विचारतात.

मुळीच नाही, ताई. तुमचा निदान घरातलाच आहे. मी चार वर्षांपूर्वी शाळेच्या अर्धवेळ पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून असाच जुना मामिया विकत आणला. हे म्हणाले, “मोबाइलमध्ये नाही का फोटो येत?” येतात की! पण लोकरीचा स्वेटर बाजारातही मिळतो, म्हणून आपण विणायचे सोडतो का? असो. मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी हे यंत्र समजून घ्या. याला दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरच्यातून आपण पाहायचे, खालच्यातून फोटो निघतो. वरचे झाकण उघडून मान खाली घालून काचेवर चित्र बघायचे. आत आरसा असल्यामुळे उजवे ते डावे दिसते. पहिले काही दिवस माणूस चौकटीबाहेर जायला लागला, की आपण कॅमेरा नेमका उलट्या बाजूला फिरवतो. सवयीने जमते. वजन दीड-पावणेदोन किलो भरते, तेव्हा गळ्यातला पट्टा जुना चामड्याचा असेल तर आधी बदला.

यात 120 नंबरचा रोल लागतो. हा रोल 1901 सालापासून आहे आणि आजही नवा मिळतो. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो. एक निगेटिव्ह साधारण 56 मिलिमीटर लांब-रुंद, म्हणजे नेहमीच्या 35 मिलिमीटरच्या रोलपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीनपटीहून जास्त. म्हणून तर मोठी प्रत काढली तरी पैठणीच्या पदरावरचा मोर पिसापिसाने वेगळा दिसतो. आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही अशाच दोन डोळ्यांचा रोलायफ्लेक्स असे. मात्र रोलायफ्लेक्स किंवा याशिका यांच्या लेन्स काढता येत नाहीत, मामियाच्या येतात. तुमच्याकडे जादा लेन्स निघाल्या त्या यामुळेच. वरची आणि खालची अशी जोडी एकाच पट्टीवर बसवलेली असते, ती सबंध काढायची. काढण्यापूर्वी बाजूचे बटण ‘अनलॉक’कडे फिरवायचे, म्हणजे आत पडदा येतो आणि रोलवर उजेड पडत नाही. नवी जोडी बसवली की बटण आठवणीने परत ‘लॉक’कडे.

आता तपासणी. घरचा असो की विकतचा, रोल घालण्याआधी ही करायचीच. मी केली नाही आणि फसले.

लेन्स हातात घ्या, शटर ‘बी’वर ठेवून उघडे धरा, ॲपर्चर पूर्ण मोठे करा आणि मागून टॉर्च मारा. थोडी धूळ दिसेल, तिची काळजी नको. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मी 80 आणि 135 अशा दोन लेन्स घेतल्या होत्या. 135 मध्ये कडेला जाळे होते, ते घरी आल्यावर दिसले. दुकानदार म्हणाला, “फोटोत येत नाही हो, ताई.” हे अर्धेच खरे. ऊन पाठीशी असले तर येत नाही, पण उजेड समोरून आला की सगळ्या चित्रावर धुके पसरते. परत घ्यायला तो तयार होईना. शेवटी दुसऱ्या एका जुन्या कारागिराकडून लेन्स उघडून साफ करून घेतली. बुरशी गेली, पण काचेवर तिने खाल्लेल्या रेघा राहिल्या. त्या जात नाहीत. जाळे किनारीला जरासेच असेल तर लगेच साफ करून घ्यावे, मधोमध असेल तर त्या लेन्सवर खर्च करू नये, असे माझे मत.

दुसरे शटर. मामियात ते कॅमेऱ्यात नसून लेन्समध्ये असते, म्हणजे प्रत्येक लेन्सचे वेगळे तपासायचे. एका सेकंदावर ठेवून दाबा आणि घड्याळाकडे बघा. मग अर्धा, पाव, असे करत खाली या. प्रत्येक वेळी आवाज आखूड होत गेला पाहिजे. सावकाश वेगांसाठी आत दातेरी चाकांची वेगळी साखळी असते. वर्षानुवर्षे न चालवल्याने तिथले तेल घट्ट होते आणि शटर रेंगाळते. अशा वेळी आपला हात चटकन शिलाई मशीनच्या तेलाकडे जातो. तेवढे करू नका! तेल शटरच्या पातळ पात्यांवर पसरले की ती चिकटून बसतात आणि पंधरा मिनिटांचे काम पूर्ण उघडण्यावर जाते.

याची किंमत मी कशी मोजली ते सांगते. सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन होते. सगळे गोतावळ्याने आलेले, नणंद सहा वर्षांनी माहेरी आलेली. मी मोठ्या तोऱ्यात स्टँड लावून हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात एक पंधरांश सेकंदावर आठ फोटो काढले. ऐंशी दिव्यांनी ओवाळतानाचे सगळे त्यातच. उरलेले चार बाहेर अंगणात, एक सव्वाशांश सेकंदावर. रोल धुऊन आला तेव्हा आठही निगेटिव्ह काळेकुट्ट आणि हललेले. शटर त्या वेगाला कितीतरी जास्त वेळ उघडे राहत होते. अंगणातले चार मात्र स्वच्छ. नणंदेला काय सांगायचे, मला दोन दिवस सुचले नाही. मोबाइलवर कुणी ना कुणी काढले होतेच, पण ते काम माझ्यावर सोपवले होते. त्याआधी एक साधा रोल तपासणीसाठी खर्च केला असता तर ही वेळ आली नसती.

म्हणून ताई, पहिला रोल कुठल्याही समारंभाला नेऊ नका. तो परसात घालवा. त्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. पुढचा घडीचा भाता, आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसा, पूर्ण ताणून अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावा. घड्यांच्या कोपऱ्यात उजेडाचा ठिपका दिसला तर तिथून रोल खराब होणार. आणि मागच्या दाराच्या फटीतला काळा फोम बोटाला चिकट भुगा होऊन लागला तर तो बदलून घ्या.

रोल घालताना उन्हात उभ्या राहू नका. आधी आतली पट्टी 120 वर आहे ना ते पाहा, कारण ती 220 साठीही फिरते. रिकामी रीळ गुंडाळायच्या जागी लावा, कागदाचे टोक तिच्यात अडकवा, कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेसमोर येईपर्यंत फिरवा, मग दार बंद. पुढे आकडा 1 आला की दांडा आपोआप थांबतो.

उजेड मोजायला मोबाइलमध्ये मीटरचे ॲप मिळते. नसले तरी चालते. 100 स्पीडचा रोल असेल तर लख्ख उन्हात ॲपर्चर 16 आणि वेग एक सव्वाशांश. ढगाळ असेल तर 8, ओसरीच्या मोकळ्या सावलीत 4. बाराही फोटोंचे आकडे वहीत लिहून ठेवा. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते, दुधाच्या खाड्यांशेजारी. रोल धुऊन आला की कुठल्या वेगाला शटर दगा देते ते ओळीने कळते. सुरुवातीला कृष्णधवल रोलच घ्या. तो घरीही धुता येतो, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

लेन्सपैकी 80 आकड्याची असेल तर पहिले सहा महिने तीच वापरा. आपल्या डोळ्यांना जसे दिसते साधारण तसेच ती दाखवते. 135 किंवा 180 चेहऱ्यांसाठी छान, पण अंतर जुळवायला जास्त नेमका हात लागतो. 55 किंवा 65 अरुंद खोलीत सगळ्यांना मावून घ्यायला.

आणि ती चामड्याची पेटी! कितीही सुंदर असली तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नका, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असे समजावे, ते तापवले की पुन्हा निळे होतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा पोळीचा तवा वापरू नका, एखादी जुनी कढई त्यासाठीच वेगळी काढा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर चालवायचे.

अंगणातल्या त्या चार फोटोंपैकी एक आमच्या हॉलमध्ये लावला आहे. सासूबाई मोबाइल समोर धरला की ताठ होतात, ओठ मिटून घेतात. त्या दिवशी मी तुळशीपाशी मान खाली घालून काचेत त्यांना शोधत होते, तर म्हणाल्या, “अगं, फोटो काढतेस की नमस्कार करतेस?” आणि हसल्या. तेवढ्यात मी बटण दाबले. नणंदेने त्याची प्रत मागून नेली, आठ फोटोंबद्दल ती काही बोलली नाही.

तुमच्या लेन्सवरचे आकडे पत्रात लिहायचे राहिले आहेत. टॉर्च मारून बघितल्यावर ते कळवा. भंगारवाल्याला तूर्त रद्दीच द्या.