प्रतीक्षेची किंमत कोणी भरावी?

मे ते ऑगस्ट हे चार महिने विदर्भातील असंख्य पदवीधरांच्या दृष्टीने अधांतरी लोंबकळण्याचे असतात. पदवीचा निकाल लागलेला नसतो, किंवा नुकताच लागलेला असतो. पुण्यामुंबईच्या, दिल्लीच्या वा परदेशातील विद्यापीठांकडे केलेले अर्ज कोठे विचाराधीन, तर कोठे प्रतीक्षायादीत अडकलेले असतात. नेमक्या अशा वेळी जवळच्याच एखाद्या संस्थेचे पत्र येऊन पडते : आपणांस प्रवेश देऊ करण्यात येत आहे, सात दिवसांत शुल्क भरावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल. पत्र आनंदाचे असते; परंतु ते वाचून घरात आनंदापेक्षा धास्तीच अधिक पसरते. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागावे काय, हा प्रश्न त्या सात दिवसांत सोडवावयाचा असतो.

या प्रश्नाकडे आपण आजवर विद्यार्थ्याच्या वैयक्तिक निवडीचा प्रश्न म्हणून पाहत आलो. हुशार मुलगा योग्य तो निर्णय घेईल, फार तर प्राध्यापकांचा सल्ला घेईल, एवढ्यावर आपण समाधान मानतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मुळात वितरणाचा प्रश्न आहे. प्रवेशाच्या बाजारात अनिश्चितता आहे, ती राहणारच. परंतु तिचा भार कोणी वाहावयाचा, हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. ते आपल्या वेळापत्रकांनी आणि नियमांनी ठरविले आहे, आणि तो भार ज्याच्या खांद्यांत सर्वांत कमी बळ आहे त्याच्यावरच टाकला आहे.

एकच गुणवत्ता, दोन नशिबे

समजा, एकाच वर्गात सारखेच गुण मिळविणारे दोन विद्यार्थी आहेत. एकाचे वडील धरमपेठेत व्यवसाय करतात. दुसऱ्याचे वडील काटोलजवळ चार एकर कोरडवाहू शेती कसतात. दोघांनाही स्थानिक संस्थेत प्रवेश मिळाला आहे आणि दोघांचीही नावे बाहेरच्या एका नामांकित विद्यापीठाच्या प्रतीक्षायादीत आहेत. शुल्क तीस हजार रुपये आहे असे धरू. पहिला विद्यार्थी ते भरतो, जागा राखून ठेवतो आणि निश्चिंतपणे वाट पाहतो. पुढे मोठ्या विद्यापीठाचे बोलावणे आले तर तीस हजारांपैकी काही बुडतील, एवढेच. दुसऱ्याने तीच रक्कम उसनवार करून भरली, तर बाहेरच्या विद्यापीठासाठी लागणारी दुसरी रक्कम त्याला कोणी देणार नाही. म्हणून तो शुल्क भरताना स्थानिक संस्थेत केवळ प्रवेश घेत नाही, तर प्रतीक्षायादीवरील आपला हक्कही सोडून देतो. ऑगस्टमध्ये यादी पुढे सरकते, त्याचे नाव लागते, आणि ती जागा तिसऱ्याच कोणाला मिळते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर वाट पाहण्याचा हक्क ही एक विकत मिळणारी वस्तू आहे आणि अनामत रक्कम ही तिची किंमत आहे. ज्याला ती परवडते त्याच्या गुणवत्तेला पूर्ण मोल येते. ज्याला परवडत नाही त्याची गुणवत्ता पहिल्याच बोलीला विकली जाते. आपल्या प्रवेशप्रक्रियेत गुणानुक्रम लावताना कोणाच्याही खिशाकडे पाहिले जात नाही, हे खरे. परंतु तो अनुक्रम लागल्यानंतर पुढचे सारे खिसाच ठरवितो.

या रोगावर औषध नाही असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत १९४० च्या दशकात रुग्णालये शिकाऊ डॉक्टरांची निवड अधिकाधिक आधी करू लागली. पुढे निवडीची तारीख एक ठरविण्यात आली, तेव्हा उत्तरासाठी दिली जाणारी मुदत इतकी आखडत गेली की ती अखेर काही तासांवर आली. उमेदवार घाबरून मिळेल ते पत्करीत आणि पुढे दोन्ही पक्ष पस्तावत. शेवटी १९५२ साली तेथे सामाईक जुळणीची पद्धत सुरू झाली. पुढे १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघा गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेशाचाच दाखला घेऊन या विषयाची तर्कशुद्ध मांडणी केली. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीच्या क्रमाने अर्ज करावे. संस्थेने आलेल्या अर्जांपैकी उत्तम तेवढे हाती धरून ठेवावे, पण पक्के करू नये. नाकारलेल्याने पुढच्या संस्थेकडे जावे. आणि सर्वांची फिरती थांबल्यावरच सर्व प्रवेश एकदम पक्के व्हावेत. या विषयातील कार्याबद्दल शॅप्ली आणि अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : जो वाट पाहतो त्याला वाट पाहण्याबद्दल दंड नाही.

यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपल्या आयआयटींमध्ये 'गेट' परीक्षेच्या आधारे एम.टेक.ला प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी देकार स्वीकारण्याचे एक सामाईक संकेतस्थळ आहे. तेथे विद्यार्थ्यापुढे तीन पर्याय असतात : स्वीकारून निश्चित करणे, हाती राखून वाट पाहणे, किंवा नाकारून वाट पाहणे. नेमलेल्या फेऱ्यांपर्यंत त्याला पहिली जागा न गमावता दुसरीची आशा धरता येते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील एम.टेक.च्या जागाही देशातील इतर एनआयटींबरोबर केंद्रीय समुपदेशनातून भरल्या जातात. म्हणजे अभियंत्यांसाठी जे सौजन्य आपण शक्य करून दाखविले, ते इतिहासाच्या, अर्थशास्त्राच्या वा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी अद्याप नाकारले जाते. बजाजनगरातल्या त्या आवाराबाहेर पडले की सात दिवसांची मुदत पुन्हा सुरू होते.

परतावा म्हणजे न्याय नव्हे

शुल्क परत मिळण्याची तरतूद आहेच, मग तक्रार कशाची, असे यावर विचारले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या अधिसूचनेत ही तरतूद स्पष्ट आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस वा अधिक आधी प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क, त्यानंतर अंतिम तारखेपूर्वी ९० टक्के, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे काहीच नाही, अशी ती उतरंड आहे. संपूर्ण परताव्यातूनही प्रक्रियेचा खर्च म्हणून ५ टक्के, परंतु जास्तीत जास्त ५,००० रुपये, कापून घेण्याची मुभा आहे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, असेही आयोगाने बजावले आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत आयोगाने अधिक उदार धोरण स्वीकारले. २०२४-२५ या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत संपूर्ण शुल्क परत करावे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १,००० रुपयांहून अधिक कपात करू नये, असे आदेश होते.

हे आदेश स्वागतार्ह आहेत. परंतु परताव्यामुळे पैसा परत मिळतो, वेळ परत मिळत नाही. ज्या आठवड्यात दुसऱ्या विद्यापीठाचे शुल्क भरावयाचे आहे त्या आठवड्यात पहिली रक्कम परत आली नाही, तर ती दिवाळीत आली काय किंवा न आली काय, विद्यार्थ्याच्या दृष्टीने सारखेच. शिवाय परताव्याची उतरंड प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या अंतिम तारखेशी बांधलेली आहे. एका संस्थेची अंतिम तारीख जुलैत आणि दुसरीची यादी सप्टेंबरात, असे झाले की उदार नियमही निरुपयोगी ठरतो. दुखणे तारखांच्या विसंगतीत आहे. परतावा हा त्यावरचा मलम आहे.

तारखा जुळवता येतात, याचा पुरावाही हाताशी आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सामाईक परीक्षा सुरू झाली ती २०२२ मध्ये. त्या वर्षी ही परीक्षा सप्टेंबरात झाली आणि निकाल महिनाअखेरीस लागला. तोवर राज्यांतील अनेक विद्यापीठांचे वर्ग भरू लागले होते. पुढे २०२४ मध्ये तीच परीक्षा मार्चमध्ये घेऊन एप्रिलच्या मध्यास निकाल देण्यात आला. दोन वर्षांत पाच महिने वाचविता आले. राज्य विद्यापीठांनी आपले पदवीचे निकाल आणि प्रवेशाच्या तारखा त्याच्याशी जुळवून घेतल्या नाहीत, तर मात्र ही बचत विद्यार्थ्याच्या पदरी पडणार नाही.

विलंबाचा फटका केवळ विद्यार्थ्यालाच बसतो असेही नाही. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची २०२१ ची परीक्षा एप्रिलऐवजी ११ सप्टेंबरला झाली; त्यानंतर आरक्षणविषयक निकषांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि समुपदेशन प्रत्यक्षात सुरू होण्यास १२ जानेवारी २०२२ उजाडले. डिसेंबर २०२१ मध्ये निवासी डॉक्टरांनी आंदोलन केले ते याच विलंबाविरुद्ध. पदव्युत्तर विद्यार्थी हाच शासकीय रुग्णालयाचा कणा असतो. त्यांची एक संपूर्ण तुकडी दाखल न झाल्याने उरलेल्या दोन तुकड्यांवर सगळा भार पडला. नागपूरच्या मेडिकलमध्ये विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. रांगेत उभ्या असलेल्या त्या रुग्णाला आपण कोणाच्या प्रवेशाची वाट पाहत आहोत, हे ठाऊकही नसते.

शिष्यवृत्तीचे पत्र आधी हवे

सर्वांत कठीण प्रसंग शिष्यवृत्तीवर विसंबून असलेल्यांचा. परदेशी विद्यापीठाने प्रवेश दिला तरी पैशाची हमी दाखविल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, आणि पैशाची हमी शासनाच्या निर्णयावर अवलंबून असते. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ उमेदवारांपैकी प्रारंभी ४० जणांनाच तात्पुरती पत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्रे दिली जातील, असे सांगण्यात आले. निवड झालेली आहे, प्रवेश मिळालेला आहे, सत्र तोंडावर आलेले आहे, आणि तरीही पाऊल उचलता येत नाही, या स्थितीला निवड म्हणावे काय?

दीक्षाभूमीच्या या नगरीत एका इतिहासाचे स्मरण देणे उचित ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तेथील विद्यापीठाने त्यांना परत येण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. संपादन केली. संस्थानाची शिष्यवृत्ती संपली, पण संस्थेने दार लावून घेतले नाही. सात दिवसांच्या मुदतीचे पत्र त्यांच्या वाट्याला आले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक कुलसचिवाने एकवार करावा.

संस्थांची बाजूही ऐकली पाहिजे. शुल्क न घेता जागा राखून ठेवली आणि विद्यार्थी ऐनवेळी निघून गेला, तर जागा रिकामी राहते. विनाअनुदानित विभागात तर अशा रिकाम्या जागांमुळे अध्यापकाचे वेतनच धोक्यात येते. ही भीती खोटी नाही. परंतु शंभर जागांची संस्था पूर्वानुभवावरून किती विद्यार्थी गळतील याचा अंदाज बांधू शकते आणि प्रतीक्षायादी तयार ठेवू शकते. एकट्या विद्यार्थ्यापाशी असा सरासरीचा आधार नसतो. त्याचे आयुष्य एकच असते. जो धोका पुष्कळांत वाटून घेता येतो तो वाटून घेण्याची क्षमता असणाऱ्याने पत्करावा, हे विम्याचे तत्त्व येथेही लागू आहे.

यावरून काही मागण्या उघड होतात. राज्यातील सर्व विद्यापीठांनी पदव्युत्तर प्रवेशासाठी एकच निश्चितीची तारीख ठरवावी आणि त्या तारखेपूर्वी कोणत्याही विद्यार्थ्याकडून नाममात्र रकमेहून अधिक घेऊ नये. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाबाबत विद्यार्थ्यावर १५ एप्रिलपूर्वी उत्तराची सक्ती करावयाची नाही, असा करार आपसांत केलेला आहे. त्यासाठी कायदा करावा लागलेला नाही. अंतिम सत्राचा निकाल लागलेला नसल्यास तात्पुरता प्रवेश मिळावा. प्रतीक्षायादीवरील क्रमांक आणि गेल्या वर्षी यादी कोठपर्यंत सरकली हे जाहीर व्हावे, म्हणजे आशा किती धरावी हे विद्यार्थ्यास कळेल. आणि शिष्यवृत्तीचा निर्णय प्रवेशनिश्चितीच्या तारखेपूर्वी लागलाच पाहिजे. २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केलेल्या नागपूर विद्यापीठाने या कामी पुढाकार घेतल्यास ते त्याच्या वयाला शोभेल.

तोवर विद्यार्थ्यांनी व पालकांनी एवढे तरी करावे. दोन देकारांची तुलना करताना केवळ संस्थेचे नाव पाहू नये. दोन वर्षांचा एकूण खर्च, वसतिगृह आणि शिकविणारे कोण, हेही मांडून पाहावे. मुदत वाढवून मागावी, आणि ती लेखी मागावी; पुष्कळदा ती केवळ कोणी मागत नाही म्हणून मिळत नाही. तसेच भरलेले शुल्क बुडेल या भीतीने चांगली संधी सोडू नये. गेलेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येत नसतो, दोन वर्षे मात्र पुढची असतात. पण हा सल्ला ज्याच्या घरी बुडवावयास तीस हजार आहेत त्यालाच उपयोगी पडेल. ज्याच्या घरी ते नाहीत, त्याला सल्ल्यापेक्षा तारखांची एकवाक्यता हवी आहे, आणि ती देणे विद्यापीठांच्या हाती आहे.