आभाळातली काटकसर

शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला पाण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पाट भरून पाणी सोडले की वरची वावरे चिंब होतात आणि टेलची कोरडी राहतात. तेच पाणी ठिबकने दिले तर जास्त झाडे जगतात. असाच हिशेब आपल्या डोक्यावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, गेली अनेक दशके चालू आहे. बहुतेकांच्या तो गावीही नाही.

दळणवळणाच्या उपग्रहाला दोन गोष्टी मोजूनमापून मिळतात : लहरींचा पट्टा आणि वीज. पट्टा देशादेशांत वाटलेला, म्हणून अपुरा. वीज सौरपट्ट्यांची. मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास काही आठवडे उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो आणि बॅटरीवर दिवस काढतो. भारनियमनाची धास्ती त्यालाही आहेच!

१९७१ मध्ये पुणे जिल्ह्यात आर्वी येथे परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याची तबकडी जवळजवळ तीस मीटर व्यासाची. उपग्रहाची शक्ती तुटपुंजी, म्हणून त्याचा क्षीण संदेश झेलायला जमिनीवर एवढी मोठी झोळी पसरावी लागे.

मग अभियंत्यांनी माणसाच्या बोलण्याकडेच बारकाईने पाहिले. फोनवर एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. म्हणजे प्रत्येक बाजू निम्मा वेळ तरी मुकीच. त्यांनी शब्द थांबताच प्रक्षेपण थांबवण्याची सोय केली आणि मुक्या क्षणांची वीज वाचली. पुढे सेकंदाला ६४ हजार बिट लागणारा आवाज आठ हजारांत बसवता आला. दूरचित्रवाणीत निवेदिकेच्या मागची भिंत पुन्हा पुन्हा पाठवायची नाही, हललेले तेवढेच पाठवायचे, हे साधले. पूर्वी एकाच वाहिनीने व्यापलेल्या जागेत अनेक वाहिन्या मावू लागल्या. दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज दोंडाईच्यातल्या घरावरची छोटी तबकडी ही या काटकसरीचीच कमाई आहे.

हे शहाणपण आपल्याला नवे नव्हते. २०१३ मध्ये बंद झालेल्या तारसेवेत शब्दागणिक पैसे पडत. लग्नाच्या शुभेच्छांना तर ठरलेल्या वाक्याचा नुसता क्रमांक पुरे. तारेतून क्रमांक जाई, पलीकडे अख्खे वाक्य उमटे.

आता डेटा स्वस्त झाला आणि हात सैल सुटले. शहरात ते खपून जाते. पण सातपुड्यातला टॉवर नसलेला पाडा, खोल समुद्रातली होडी, पुराने तुटलेले गाव यांना उपग्रहाचाच आधार असतो, आणि तिथला पट्टा सर्वांत वाटून घ्यावा लागतो. तिथे एकाने पाठवलेला पुराचा लांबलचक व्हिडिओ दुसऱ्याची हाक अडवू शकतो. टेलचे वावर कोरडे राहते, ते असे.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. सरकारी संकेतस्थळे पुढाऱ्यांच्या छायाचित्रांनी जड करू नयेत. दाखल्याचा अर्ज क्षीण जोडणीवरही उघडला पाहिजे. आणि आपत्तीच्या सरावात मुलांना नेमका निरोप लिहायला शिकवावे : कोण, कुठे, किती जण, काय हवे. एवढ्या चार गोष्टी मोजक्या शब्दांत बसतात, आणि पुढच्याच्या हाकेलाही वाट उरते.